रुखवत कुणाच्या हातचं?

चाकणचा इतिहास म्हटला की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. १६६० साल, संग्रामदुर्ग, शाहिस्तेखानाचा वेढा आणि पन्नासहून अधिक दिवस किल्ला लढवणारा फिरंगोजी नरसाळा. आठवायलाच हवी. पण त्याच गावात तेव्हाही लग्नं होत असतील, लाडू वळले जात असतील, मांडव घातले जात असतील. त्याची बखर कुणी लिहिली नाही. आज मला त्या दुसऱ्या इतिहासाबद्दल लिहायचं आहे, म्हणजे रुखवताबद्दल.

निमित्त माझ्या भाचीचं, खरं तर भावाच्या मुलीचं. म्हाळुंग्याच्या एका कंपनीत ती क्वालिटी विभागात आहे. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे. रुखवत विकत आणायचं नाही, स्वतः करायचं, असं तिने घरात जाहीर केलं, आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "आत्या, हाताने केलं तरी ते रुखवतच ना गं? म्हणजे हुंडाच ना, फक्त लोकरीचा?"

प्रश्न चोख होता. पटकन उत्तर देता येईना, म्हणून जरा मागे जाऊन शोधायचं ठरवलं.

रुखवत या शब्दाची गंमत अशी की तो उच्चारला की प्रत्येक पिढीला वेगळीच वस्तू दिसते. माझ्या आजीला लाडू-करंज्यांच्या पाट्या दिसायच्या. आईला क्रोशाचं तोरण दिसतं. माझ्या वयाच्या बायकांना थर्मोकोलचं देऊळ आठवतं. आणि आज आमच्या भागात रुखवत म्हटलं की कपाट, फ्रिज, सोफा आणि वॉशिंग मशीन.

यातला सगळ्यात जुना अर्थ आजीचा. एकनाथांनी 'रुक्मिणी स्वयंवर' १५७१ साली काशीत पूर्ण केलं. लग्न जुळावं म्हणून मुलींनी या ग्रंथाचं पारायण करायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यात रुखवतही येतं, आणि ते आहे खाण्याच्या पदार्थांचं! वधूची आई ते घेऊन जावयाकडे जाते. विचार केला तर हे साधं आहे. वऱ्हाड बैलगाडीतून यायचं. मंचर, तळेगाव, शिरूर... दिवस दिवस प्रवास. जानवसघरात उतरलेल्या दमलेल्या माणसांना लग्नाचं जेवण मिळेपर्यंत काहीतरी खायला हवं. तेव्हा मुलीकडच्या बायका पाट्या झाकून, वाजतगाजत जानवसघरी जायच्या. लाडू, करंज्या, साटोऱ्या, कडबोळी असे टिकणारे पदार्थ त्यात असायचे कारण ते आठवडाभर आधीपासून करून ठेवावे लागत. रुखवतावरचा रुमाल काढताना दोन्हीकडच्या बायका एकमेकींना टोमणे मारणारी गाणी म्हणायच्या. आजीला त्यातली पुष्कळ पाठ होती, काही आमच्यासमोर म्हणण्यासारखी नव्हती.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे सगळं करायचं कोण? नवरी तर नक्कीच नाही. कारण नवरी लहान मूल असायची. रमाबाई रानड्यांचं लग्न डिसेंबर १८७३ मध्ये झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळी हे वय काही फार लहान समजलं जात नव्हतं. एवढ्या वयाची मुलगी रुखवत करणार नाही, फार तर लाडू चोरून खाईल.

त्यामुळे काम घरातल्या आणि गावातल्या बायकांचं होतं, आणि तेही मुहूर्ताने सुरू व्हायचं. जात्याची पूजा, दोन मुसळं एकत्र बांधून घाणा भरणं, हळद दळणं आणि गव्हले. गव्हले म्हणजे रव्याचं पीठ दुधात घट्ट भिजवून, चिमटीत घेऊन, बोटांत वळून केलेले गव्हाच्या दाण्याएवढे दाणे. त्यांची खीर होते. त्याच पिठाच्या मालत्या, नखुल्या, बोटवे, शेवया. नुसत्या बोटांच्या हालचालींवरून पडलेली ही नावं! कुठलंही यंत्र नाही, साचा नाही. पाच सवाष्णी बसून मुहूर्त करायच्या, मग बाकीच्या यायच्या. चार किलो रव्याचे गव्हले करायला किती दुपारी लागत असतील याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

यात एक गोष्ट आजी हळू आवाजात सांगायची. तिची मोठी जाऊ तरुणपणीच विधवा झाली होती. घरातल्या प्रत्येक लग्नात पापड, कुरडया, सांडगे यांचा डोंगर तीच उपसायची. पण मुहूर्ताच्या गव्हल्यांना तिने हात लावायचा नाही. ती मागच्या पडवीत बसून उडदाचं पीठ कुटायची आणि पुढच्या खोलीत गाणी चालायची. तेव्हा 'हातचं रुखवत' म्हणताना कोणते हात मोजले आणि कोणते नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि बायकांच्याच जोडीला पुरुषांचंही एक हातचं काम होतं, ते म्हणजे मांडवडहाळे. लग्नाच्या आदल्या दिवशी गावातले लोक बैलगाड्या सजवून रानात जायचे, आंबा, जांभूळ, उंबराच्या फांद्या घेऊन यायचे आणि दारातला मांडव हिरव्या पानांनी झाकायचे. सजावट तीच आणि सावलीही तीच. आमच्याकडे खेड तालुक्यात हा शब्द अजून पत्रिकेत छापतात. डहाळे आता ट्रॅक्टरवरून येतात, पुढे डीजे असतो, आणि लग्न लॉन्सवर असल्यामुळे डहाळ्यांना मांडव सापडत नाही ती गोष्ट वेगळी.

मग आईचं क्रोशाचं तोरण कुठून आलं? माझं उत्तर असं की ते मुलींच्या वाढलेल्या वयातून आणि शाळेतून आलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात केवढं रान उठलं होतं हे आपण शाळेत शिकलोय. १९२९ चा शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरलं. १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झालं. दुसरीकडे पुण्यात १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली, १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. मुलींच्या शिक्षणात शिवण आणि भरतकाम आलं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या त्याच रमाबाईंनी पुढच्या पिढीतल्या बायकांच्या हातात शिवण दिलं! आता नवरी सोळा-अठरा वर्षांची होती, तिच्या हातात कला होती, आणि लग्नापर्यंतचा वेळही होता. 'मुलीने स्वतःच्या हाताने केलेलं रुखवत' ही आपल्याला फार पुरातन वाटणारी गोष्ट म्हणूनच मला विसाव्या शतकातली वाटते.

आईचं लग्न १९७४ साली झालं. १९७२ च्या दुष्काळाची झळ अजून घरात होती, साखर रेशनची होती. त्यामुळे रुखवतात लाडू मोजकेच आणि शोभेच्या वस्तू जास्त. मॅटीच्या कापडावर भरलेला मोर, मण्यांचं तोरण, फुटक्या बांगड्यांचं झुंबर, वायरची पिशवी, लोकरीची बदकं, सुपारीचे भटजी आणि वाजंत्री, साखरेच्या चौकोनी तुकड्यांचा बंगला, रंगवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. यातलं निम्मं सामान घरात फेकून द्यायच्या लायकीचं होतं. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागदसुद्धा मामाने गोळा करून दिला होता (आजोबांना न कळता).

ऐकायला छान वाटतं ना? पण आईला विचारलं तर ती दुसरंही सांगते. अकरावी मॅट्रिक झाल्यावर तिचं शिक्षण थांबलं. पुढची दोन वर्षं ती सुई आणि क्रोशाची दांडी घेऊन बसली. आणि लग्नाच्या दिवशी सासरच्या बायकांनी टेबलावरचं तोरण उचललं, उलटं केलं आणि मागच्या गाठी तपासल्या. "पुढून सगळंच चांगलं दिसतं," असं एक जण म्हणाली. आईला ते वाक्य पन्नास वर्षांनीही पाठ आहे. रुखवत ही मुलीची परीक्षा होती आणि तिला उत्तरपत्रिका बघायची मुभा नव्हती.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार, ही ओळख नव्वदच्या दशकापासून बदलत गेली. एमआयडीसी आली, बजाज आली, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. जमिनी गेल्या, पैसा आला. ज्या घरांत लग्नाला दोनशे पानं उठायची तिथे दोन हजार उठू लागली. नाशिक रस्त्याला मंगल कार्यालयं आणि लॉन्स उभी राहिली. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, तोरण करायला वेळ कुणाला? तयार रुखवत पुण्यातून आणायचं, नाहीतर एक दिवसापुरतं भाड्याने. त्यात वाईट काही नाही. आईच्या दोन वर्षांपेक्षा ते कितीतरी बरं. पण टेबलावर मोकळी झालेली जागा रिकामी राहिली नाही. तिथे भांडी आली, मग कपाट, मग फ्रिज, आणि काही ठिकाणी हार घातलेली गाडी. नाव तेच राहिलं, रुखवत!

इथेच भाचीच्या प्रश्नाचं मूळ आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. मागणी न करता प्रथेप्रमाणे दिलेल्या भेटी चालतात, पण त्यांची यादी करायला हवी, असा नियम १९८५ साली आला. यादीत वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. अशी यादी केलेलं एकही लग्न मी पाहिलेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुळशीतल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर राज्यभर हुंड्याची चर्चा झाली, लग्नं साधेपणाने करण्याची आचारसंहिता ठरवायला समाजाच्या बैठका झाल्या. चर्चा जुनीच आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, तेही अगदी कमी खर्चात. रमाबाईंच्या लग्नाचाच तो महिना.

साधं लग्न जमतं हे आम्ही घरातच बघितलं, पण नाइलाजाने. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारचा नियम होता पंचवीस माणसं आणि दोन तास. माझ्या पुतण्याचं लग्न त्याच महिनाअखेरीस झालं. कार्यालय नाही, आचारी नाही, दुकानं बंद. अंतरपाट जुन्या धोतराचा, त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. मुंडावळ्या मीच मोत्यांच्या ओवल्या. पताका मुलांच्या वह्यांच्या कव्हरांच्या. लाडू पुतण्याने स्वतः वळले, वाकडेतिकडे. माणसांची आठवण येऊन आम्ही सगळे रडलो, पण त्या लग्नाचं कर्ज कुणाच्या डोक्यावर नाही.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. हाताने केलं म्हणून रुखवत आपोआप निर्दोष होत नाही, तुझ्या आजीचं तोरण त्याला साक्षी आहे. तीन गोष्टी विचारायच्या. कुणी मागितलं का? कुणी तपासणार आहे का? आणि करणारे हात फक्त एकाच बाजूचे आहेत का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असली तर खुशाल कर.

तिसऱ्या प्रश्नाची सोय तिने आधीच केली होती म्हणा. दर रविवारी होणारे जावई आमच्याकडे येऊन चिरोटे लाटतात, आणि त्यांच्या आईने पाच प्रकारच्या लाडवांपैकी दोन स्वतःकडे घेतले आहेत. थर्मोकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, त्यामुळे सजावट कागदाची, सुताची आणि आंब्याच्या पानांची. गव्हल्यांच्या मुहूर्ताला कुणाला बसवायचं यावर घरात थोडी कुरबूर झाली. भाचीने पहिलं बोलावणं शेजारच्या काकूंना केलं, ज्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आई काही बोलली नाही, उठून रवा भिजवायला गेली.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या साडीत गुंडाळलेलं असं काही रुखवत असेल तर टाकू नका. फोटो काढा, कुणी केलं आणि कोणत्या साली ते मागे लिहून ठेवा. रुखवताची गाणी पाठ असतील तर तीही लिहून पाठवा. आमच्यासमोर म्हणण्यासारखी नसलेली आधी पाठवा!