रूढि, कायदा आणि वकील

कळवण म्हटलें म्हणजे बहुतेक वाचकांस सप्तशृंगीचा गड आठवतो. परंतु या तालुक्याची दुसरीही एक ओळख आहे, व ती कायद्याच्या इतिहासांतील आहे. कोकणा, महादेव कोळी व भिल्ल यांची येथें मोठी वस्ती असून सबंध तालुका अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. १९५५ चा हिंदु विवाहाचा व १९५६ चा हिंदु वारसाचा हे दोन्ही कायदे, केंद्र सरकारनें तसें जाहीर केल्यावांचून, अनुसूचित जमातींस लागू होत नाहींत. अर्थात् येथील पुष्कळ घरांतील लग्न, काडीमोड व वांटणी हीं रूढीवर अवलंबून आहेत. आणि रूढि ही कोर्टापुढें कोणी तरी मांडावी लागते. तो मांडणारा कोण असावा, हा प्रश्न मात्र जुना आहे.

रखमाबाईंच्या खटल्यांत तो स्पष्ट दिसला. बालपणीं लागलेल्या लग्नाच्या आधारावर दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८८६ सालीं अपिलांत तो फिरला. आणि १८८७ सालीं पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें, असा हुकूम झाला. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या सर्व काळांत न्यायासनावर पुरुष, आणि दोन्ही पक्षांचे वकीलही पुरुषच. जिच्या आयुष्याचा प्रश्न होता, तीस आपलें म्हणणें टोपणनांवानें वर्तमानपत्रांत लिहावें लागलें.

याच जिल्ह्यानें, नाशकांत १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींच्या रूपानें, या प्रश्नास एक उत्तर दिलें. १८९२ सालीं त्यांनीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा दिली. पदवी मिळावयास १९२२ साल उजाडलें. मधल्या काळांत सनद नाहीं, म्हणून १९०४ पासून त्यांनीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचें काम पाहिलें. ज्या अंतःपुरांत पुरुष वकिलाचा प्रवेश नव्हता, तेथील गाऱ्हाणीं त्यांच्या द्वारें बाहेर आलीं. १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें त्यांस वकील म्हणून दाखल केलें, आणि १९२३ च्या कायद्यानें केवळ स्त्री म्हणून सनद नाकारण्याची प्रथा मोडली. मुंबई हायकोर्टांतील पहिल्या स्त्री-बॅरिस्टर मिठन टाटा या त्याच पिढीतल्या. १९२३ सालींच डॉ. आंबेडकरांनीं मुंबईस वकिली सुरू केली. ज्या समाजाविषयीं कायदा फक्त बोलत असे, त्या समाजांतील माणूस आतां कायद्याच्या भाषेंत बोलूं लागला. आणि पुढें हिंदु कोड बिलाची धुराही त्यांनींच वाहिली.

परंतु ज्या कायद्यांत त्या बिलाची परिणति झाली, त्यांच्या कक्षेबाहेर कळवणचीं हीं घरें राहिलीं. रूढि सांगणाऱ्यानें ती स्पष्ट मांडून पुराव्यानें सिद्ध करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं म्हटलें. त्यांत केवढें अंतर पडतें, हें २०२५ सालच्या एका निकालानें दिसून आलें. छत्तीसगडांतील एका गोंड स्त्रीच्या वारसांनीं आजोबांच्या मिळकतींत वांटा मागितला. मुलीस वांटा देणारी रूढि सिद्ध झाली नाहीं, म्हणून खालच्या कोर्टांनीं दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानें प्रश्नच उलटविला: वांटा नाकारणारी रूढि तरी कोणी सिद्ध केली आहे काय? ती झालेली नव्हती, म्हणून वांटा मिळाला. मिळकत तीच, कुटुंब तेंच. फरक पडला तो प्रश्न कसा विचारला यानें.

१९८७ च्या कायद्यानें स्त्रियांस व अनुसूचित जमातींस मोफत वकील मिळूं शकतो, ही मोठीच सोय होय. तथापि मोफत मिळालेल्या वकिलासही योग्य प्रश्न सुचला पाहिजे. जमातीचा वकील असला म्हणजे सर्व साधलें, असेंही नव्हे. जमातीच्या पंचांनीं सांगितलेली रूढि ही पुष्कळदां पुरुषांनीं सांगितलेली रूढि असते. म्हणून त्याच पाड्यावरची एखादी मुलगी सनद घेऊन उभी राहील, तेव्हां त्या रूढीची दुसरी बाजूही कोर्टास ऐकूं येईल. रखमाबाईंस टोपणनांव घ्यावें लागलें. त्या मुलीच्या पक्षकारास तें घ्यावें लागूं नये, एवढेंच आपलें मागणें आहे.