मुस्लिम वारसाहक्काचे गणित आता संगणकावर. नोंदी मात्र अचूक हव्यात

वाशीम : घरातील कर्त्या पुरुषाचे निधन झाले, की शेतजमीन, घर आणि बँकेतील ठेवी यांत कोणाचा किती वाटा, हा प्रश्न कुटुंबासमोर उभा राहतो. मुस्लिम कुटुंबांत हे वाटे धर्मशास्त्राने अपूर्णांकांत ठरवून दिलेले असल्याने आजवर मौलवी किंवा वकील यांच्याकडून हिशेब करून घेतला जात असे. आता हेच काम इंटरनेटवरील वारसा कॅल्क्युलेटर काही क्षणांत करतात. मात्र यंत्राने काढलेले उत्तर त्यात भरलेल्या माहितीइतकेच खरे असते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या वाटपाचा पाया कुराणातील ‘अन्-निसा’ या अध्यायातील ११, १२ आणि १७६ या आयतींत आहे. भारतात १९३७ च्या शरियत अधिनियमाने मुस्लिमांच्या वारसाहक्कास व्यक्तिगत कायदा लागू केला. नवव्या शतकातील गणितज्ञ अल्-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावरील आपल्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा व मृत्युपत्रांच्या उदाहरणांना दिला होता. संगणकशास्त्रातील ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. त्यामुळे हे गणित संगणकावर जाणे फारसे नवलाचे नाही.

आधी वजावट, मग वाटणी

मृताची संपूर्ण मिळकत थेट वारसांत वाटली जात नाही. प्रथम दफनविधीचा खर्च, त्यानंतर कर्ज फेडावे लागते. पत्नीचा मेहर दिलेला नसल्यास तोही कर्जच समजला जातो. त्यानंतर वसीयत असल्यास ती उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत अमलात येते. शिल्लक राहते ती वारसांची. पीककर्ज किंवा थकीत मेहर यांचा रकाना कोरा सोडल्यास पुढील सर्व आकडे चुकतात.

बारा एकरांचे उदाहरण

वाशीम जिल्ह्यातील एका सोयाबीन उत्पादक शेतकऱ्याचे उदाहरण कल्पनेने घेऊ. त्याच्या पश्चात आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असून कर्ज फेडल्यानंतर १२ एकर, म्हणजे ४८० गुंठे जमीन शिल्लक आहे. हनफी नियमानुसार आईला एक षष्ठांश म्हणजे २ एकर आणि पत्नीला एक अष्टमांश म्हणजे १ एकर २० गुंठे मिळतील. उरलेल्या जमिनीत मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा असल्याने प्रत्येक मुलास ३ एकर १६ गुंठे व मुलीस १ एकर २८ गुंठे येतील. मुलीचा वाटा भावाच्या निम्मा असला, तरी तो निश्चित आहे. लग्नात खर्च झाला, एवढ्या कारणाने तो संपत नाही.

काही वेळा ठरलेल्या वाट्यांची बेरीज एकापेक्षा अधिक होते. पती, आई, वडील आणि दोन मुली असे वारस असल्यास ती पंधरा द्वादशांश भरते. अशा वेळी हनफी पद्धतीत सर्वांचे वाटे प्रमाणात कमी केले जातात. त्यास ‘औल’ म्हणतात. शिया पद्धतीत हे तत्त्व मानले जात नाही. त्यामुळे कॅल्क्युलेटर वापरताना हनफी, शाफई की शिया, ही निवड प्रथम तपासावी. कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई आहेत. तसेच विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार विवाह झाला असल्यास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. तेथे हे गणित उपयोगी नाही.

अनाथ नातवाचा वाटा शून्य

मुलगा वडिलांच्या आधी मरण पावला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर हनफी नियमाने मृत मुलाच्या अपत्यांना आजोबांच्या मिळकतीत वाटा नाही. संगणकही त्यांच्या नावापुढे शून्य दाखवितो. मात्र आजोबांना हयातीतच यावर उपाय करता येतो. नातू वारस ठरत नसल्याने त्याच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. वरील १२ एकरांच्या बाबतीत ही मर्यादा ४ एकर होते. हिबा, म्हणजे बक्षीस देऊनही तरतूद शक्य आहे. पण देण्याची घोषणा, स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तिन्ही बाबी पूर्ण झाल्या पाहिजेत. कॅल्क्युलेटरचा खरा उपयोग मृत्यूनंतरच्या वादापेक्षा या पूर्वनियोजनात अधिक आहे. वारसाच्या नावे केलेली वसीयत मात्र इतर वारसांच्या संमतीविना टिकत नाही.

वडील हयात असताना मुलीकडून हक्कसोड लिहून घेण्याचाही प्रकार घडतो. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. तो मृत्यूनंतरच निर्माण होतो. त्यामुळे अशी हक्कसोड सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते.

न्यायालयात वाद मिळकतीचाच

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून आलेल्या अशाच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निपुत्रिक विधवेचा एक चतुर्थांश वाटा कायम केला. तिचा दावा तीन चतुर्थांशांचा होता. अपूर्णांक धर्मशास्त्रात स्पष्टच होता. खरा प्रश्न होता तो पतीच्या हयातीत विक्रीचा करार झालेली जमीन मिळकतीत धरायची की नाही. केवळ कराराने मालकी बदलत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. असा निर्णय कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.

नोंद कोठे करावी?

शेतजमिनीबाबत वारसांनी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे कळवावे. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होऊन पुढे फेरफार होतो. ‘ई-हक्क’ प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. शेतजमिनीचा प्रश्न १९३७ च्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेला असल्याने वाद असल्यास वकिलाचा सल्ला घेणे इष्ट. कॅल्क्युलेटरचा कागद हा पुरावा नव्हे. अर्जातील वारसांच्या यादीत आई, पत्नी आणि मुली यांची नावे आहेत की नाहीत, हे सही करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावे.