गाईचा क्षय आणि जनावरांचे डॉक्टर



पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना आपल्या भागात कोणाला माहीत नाही? १९५४ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात १९६२ पासून स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊ लागलं. क्षयाच्या रोग्यांना तो मोठा आधार झाला. मग शेतकरी विचारतात, "साहेब, तेच औषध गाईला का टोचत नाही?"

उत्तरासाठी थोडं मागं जाऊ. १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. १८९० मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन हे औषध पुढं आणलं. त्यानं रोगी काही बरे झाले नाहीत. पण पशुवैद्यांच्या ध्यानात आलं, की ते टोचल्यावर क्षयी गाईला ताप चढतो, निरोगी गाईला चढत नाही. डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी या खुणेवरून कळपाचे दोन भाग केले. लागण झालेल्या गाई वेगळ्या बांधल्या, त्यांची वासरं जन्मताच दूर केली आणि उकळलेल्या दुधावर वाढवली. सरसकट गाई न मारता निरोगी कळप उभे राहिले. अमेरिकेनं १९१७ पासून दुसरी वाट धरली. रोगी जनावरं मारून मालकाला भरपाई दिली.

आपल्याकडे गोहत्याबंदी आहे, म्हणून बांग यांचीच वाट आपल्या कामाची. औषध महिनोन् महिने द्यावं लागतं, त्याचा अंश दुधात उतरतो, आणि गाय सुधारल्यासारखी दिसली तरी जंतू पसरवत राहू शकते. म्हणून गाईला औषध टोचत नाहीत.

जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली, हेही ध्यानात ठेवा.

आज डॉक्टर मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. गाय धडधाकट दिसते म्हणून तपासणी टाळू नका. संकरित गाईंना, त्यातही कोंदट गोठ्यात, हा धोका अधिक.

तेव्हा एवढं कराच :

१. चाकणच्या बाजारातून आणलेली गाय तपासून घेईपर्यंत दावणीला लावू नका, वेगळी बांधा.
२. जुना खोकला, खंगणं, दूध घटणं दिसलं की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
३. दूध उकळूनच प्या, लेकरांना तर कच्चं मुळीच देऊ नका.
४. लागण निघालेली गाय लपवून विकू नका. तुमची अडचण दुसऱ्याच्या गोठ्यात जाते आणि बाजारातून फिरून तुमच्याच दारात येते.