जेलर आधी दुकानदार होता

'जेलर' हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, पण त्याचं मूळ लॅटिन आहे. 'कावेआ' म्हणजे पिंजरा. 'कावेओला' हे त्याचं लघुरूप जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात पोचलं आणि 'जेल' झालं. पिंजरा राखणारा तो जेलर.

हा राखणदार फार काळ पगारी नोकर नव्हता. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या अनेक जेलरांचं पोट कैद्यांवरच चाले. अंथरुणाचे पैसे वेगळे, बेड्या हलक्या करण्याचे वेगळे, सुटतानाचे वेगळे. शिवाय आतच दारू विकायची. १७७३ साली जॉन हॉवर्ड बेडफर्डशायरचा शेरीफ झाला, तेव्हा निर्दोष ठरलेली माणसंही जेलरची फी थकली म्हणून कोठडीतच डांबलेली त्याला आढळली. जेलरला पगार द्या, असं त्याने सुचवलं. तिथल्या न्यायाधिकाऱ्यांनी पूर्वीचा दाखला मागितला. तो शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत गेला, तर तिथेही तोच कारभार! १७७४ मध्ये पार्लमेंटने निर्दोष सुटणाऱ्यांची फी बंद केली.

आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात बंगालकडे तुरुंगावरच्या देशी अधिकाऱ्याला 'दरोगा' म्हणत. मंगोलांच्या 'दारुगा' या अंमलदाराचं हे नाव फारसीतून इकडे आलं. १८९४ च्या तुरुंग कायद्याने मात्र 'जेलर' हेच पद ठरवून दिलं. त्याने तुरुंगातच राहायचं, लेखी परवानगीशिवाय रात्री बाहेर राहायचं नाही, वरिष्ठांच्या मंजुरीवाचून दुसरा कामधंदा करायचा नाही. कैद्याला काही विकायला किंवा भाड्याने द्यायला तर सगळ्याच तुरुंग कर्मचाऱ्यांना मनाई. हॉवर्डने पाहिलेला धंदा डोळ्यांपुढे आणला, की ही कलमं कोणाला वेसण घालायला लिहिली ते कळतं.

पैशाची वाट बंद झाली, तरी धाक उरलाच. अंदमानच्या सेल्युलर जेलमधला जेलर बारी मराठी वाचकाला सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे ठाऊक आहे. उलट १९५७ च्या 'दो आंखें बारह हाथ'मध्ये व्ही. शांताराम यांनी रंगवलेला जेलर सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर शेती करायला नेतो.

महाराष्ट्रात आता पदनाम आहे 'तुरुंगाधिकारी'. त्यातला 'अधिकारी' संस्कृत, तर 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आलेला. त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडाही. सरकारी कागदावर तुरुंगाधिकारी असला, तरी बोलण्यात तो जेलरसाहेबच असतो.