यंत्राचा दुभाष्या



आमच्या गांवच्या वाचनालयांत दहा-बारा वर्षांचा एक जुना संगणक अडगळींत पडून होता. तो मुलांच्या उपयोगीं पडावा म्हणून त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविण्याचें आम्हीं ठरविलें. पडदा उजळला, अक्षरें उमटलीं, कळफलक चालूं लागला. परंतु वायफाय कांहीं केल्या लागेना. यंत्र शाबूत, प्रणालीही शाबूत. मग घोडें अडलें कोठें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

संगणकाचे अवयव निरनिराळ्या कारखान्यांतून येतात, आणि प्रत्येकाची आज्ञा घेण्याची भाषा निराळी असते. ती भाषा जाणणाऱ्या लहानशा आज्ञावलीस ‘ड्रायव्हर’ म्हणतात. मी तिला दुभाष्या म्हणतों. दुभाष्यावांचून दरबारांत आलेला परदेशी वकील जसा नुसता उभा राहील, तसें ड्रायव्हरवांचून चांगलें यंत्रही मुकें राहतें. विंडोजसाठीं हा दुभाष्या बहुधा कारखानदारच पुरवितो. मुक्त प्रणालींच्या वांट्यास मात्र हें भाग्य फार उशिरां, आणि तेंही अर्धवटच आलें.

या कथेचा आरंभच मुळीं एका छपाईयंत्रापासून झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असत. जुन्या प्रिंटरमध्यें कागद अडकला कीं तशी वर्दी सर्वांस आपोआप मिळावी, अशी सोय त्यांनीं केली होती. पुढें झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. पण त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता कांहीं आली नाहीं. त्यामुळें तीच सोय पुन्हां करतां येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकापाशीं ती संहिता होती. स्टॉलमन यांनीं ती समक्ष मागितली. तेव्हां गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून त्यांस नकार देण्यांत आला. तो नकार त्यांच्या जिव्हारीं लागला. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं युनिक्ससारखी, परंतु कोणासही वापरण्यास, तपासण्यास व सुधारण्यास मोकळी अशी ‘ग्नू’ प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला.

या संकल्पास हवा असलेला गाभा फिनलंडमधून मिळाला. हेलसिंकी येथील एकवीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या छंदाची वार्ता प्रसिद्ध केली. आपली प्रणाली ३८६ या प्रोसेसरसाठींच आहे, आणि एका विशिष्ट प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसरी तीवर बहुधा कधींच चालणार नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें. कारण? त्यांच्यापाशीं तेवढीच होती!

या साध्या कबुलींत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. ज्याच्या घरीं जें यंत्र, त्याचा दुभाष्या तो तयार करणार. संहिता मोकळी असल्यामुळें दुसऱ्यानें दुसऱ्या यंत्राची भर घातली, तिसऱ्यानें तिसऱ्या. नासाच्या गोडार्ड केंद्रांत काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनीं तर इथरनेट कार्डांच्या कितीतरी जातींचे ड्रायव्हर लिहिले. थेंबे थेंबे तळें साचलें तें असें.

परंतु यंत्राची माहितीच कोणी दिली नाहीं, तर काय करावें? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत स्वस्त मोडेम निघाले. त्यांचें बरेंचसें काम संगणकाच्या प्रोसेसरवर लादलेलें असे, आणि तें करणारी आज्ञावली केवळ विंडोजसाठीं असे. ‘विनमोडेम’ हें नांव त्यांस त्यावरूनच पडलें. लिनक्स बसविणाराच्या हातीं यंत्र असूनही तें बहुधा निरुपयोगी ठरे. पुढें वायफायच्या कार्डांनीं तोच प्रसंग आणला. त्यांपैकीं पुष्कळांस काम सुरू करण्यापूर्वीं ‘फर्मवेअर’ नांवाची आणखी एक आज्ञावली आंत भरावी लागे, आणि ती वांटण्याची परवानगी कारखानदार देतच असे असें नाहीं.

यावर उपाय दोन प्रकारचे झाले. कोणी बंद यंत्राच्या वर्तनाचें निरीक्षण करून, मोडी लिपीचें अनोळखी दप्तर लावावें तशी, त्याची भाषा चिकाटीनें उलगडली. कोणी कारखानदारांचीं मनें वळविलीं. १९९५ मध्यें ओपनबीएसडी प्रणाली सुरू करणारे थिओ दे राट यांनीं संहितेवांचून मिळणारे ड्रायव्हर साफ नाकारले, आणि यंत्रांची माहितीच मागितली. लिनक्सचे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं २००७ मध्यें कारखानदारांस उलट सांगितलें कीं, तुम्ही माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतों. हळूहळू दारें किलकिलीं झालीं. ब्रॉडकॉमनें २०१० मध्यें आपल्या कांहीं वायफाय कार्डांच्या ड्रायव्हरची संहिता खुली केली. एनव्हिडियानें २०२२ मध्यें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडणारा भाग खुला केला.

तरीही पेंच पुरता सुटलेला नाहीं. १९९३ मध्यें स्थापन झालेला डेबियन हा प्रकल्प तत्त्वास फार जपणारा. तथापि २०२२ मध्यें सभासदांचें मत घेऊन, बंद फर्मवेअर आपल्या स्थापना-चकतींत समाविष्ट करण्याचें त्यानें ठरविलें, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तें अमलांत आलें. तत्त्व सुटलें असें कोणी म्हणेल. नवख्या माणसाचा संगणक चालूं लागला असेंही कोणी म्हणेल. दोन्ही खरेंच आहे.

आमच्या वाचनालयापुढेंही हाच प्रश्न होता. आमच्या हातीं प्रणालीची जुनी प्रत होती, तींत तें फर्मवेअर नव्हतें. तारेनें जोडणी करून आम्हीं तें उतरवून घेतलें, आणि वायफाय लागलें. मुलें आनंदलीं. मला मात्र किंचित् रुखरुख लागली. जें आंत काय करतें हें कोणास पाहतां येत नाहीं, तें मीं मुलांच्या हातीं दिलें होतें. जन्मभर मुलांना शिकविलें तें ‘कसें’ आणि ‘कां’ विचारावयास. आणि येथें विचारण्याची सोयच नव्हती. म्हणून मीं त्यांना ही गोष्ट सांगितली. यंत्र चालतें तें केवळ विजेवर नव्हे. कोणीतरी आपल्यापाशीं असलेलें ज्ञान दुसऱ्यास दिलेलें असतें, म्हणूनही चालतें. जेथें तें दिलेलें नाहीं, तेथें आजही घोडें अडतें. उद्यां या मुलांपैकीं एखाद्यानें त्यांतला एखादा दुभाष्या लिहिला, तर माझी रुखरुख फिटेल.