गिऱ्हाईक कुणाचं? स्मार्टफोनच्या दोन चुकलेल्या भाकितांची गोष्ट

नवा फोन येतोय असं कळलं की दोन प्रश्न सुरू होतात. कितीला येणार? आणि चालणार का? पहिल्याचं उत्तर कंपनी देते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र सगळेच तयार असतात: यूट्यूबवाले, शेअर बाजारातले विश्लेषक, समोरच्या कंपनीचे साहेब आणि नाक्यावरचा मोबाईलवाला. आजच्या भागात अशा दोन भाकितांचा इतिहास बघूया. एक २००७ चं, दुसरं २०११ चं. पहिल्यात नव्या फोनला फारच कमी लेखलं गेलं, दुसऱ्यात फारच डोक्यावर घेतलं गेलं. पण दोन्हींच्या मुळाशी चूक एकच होती.

सुरुवात ९ जानेवारी २००७ पासून. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्सनं आयफोन दाखवला आणि शेवटी एक सरळ हिशेब मांडला. २००६ मध्ये जगभरात सुमारे ९५ कोटी ७० लाख मोबाईल विकले गेले होते. त्यातला एक टक्का म्हणजे साधारण एक कोटी. २००८ या वर्षात आम्हाला एवढे आयफोन विकायचेत, असं तो म्हणाला. बस्स, एक टक्का.

आज ऐकताना हे अगदीच माफक वाटतं ना? तेव्हा वाटत नव्हतं. मायक्रोसॉफ्टचा प्रमुख स्टीव्ह बाल्मर टीव्हीवरच्या मुलाखतीत चक्क हसला. पाचशे डॉलरचा फोन, तोही दोन वर्षांच्या कराराला बांधलेला, आणि वर कीबोर्ड नाही! ऑफिसातली माणसं ईमेल कशी लिहिणार? काही महिन्यांनी त्यानं वर्तमानपत्रालाही सांगितलं की आयफोनला बाजारात मोठा हिस्सा मिळण्याची शक्यताच नाही.

आता या क्लिपवर इंटरनेटवर खूप मीम बनली आहेत. पण जरा थांबा. बाल्मर वेडा नव्हता. त्याच सुमाराला नोकियाचा एन९५ बाजारात आला होता. पाच मेगापिक्सेल कॅमेरा, जीपीएस, थ्रीजी. आयफोनमध्ये काय? दोन मेगापिक्सेल. थ्रीजी नाही, जीपीएस नाही, कॉपी-पेस्टसुद्धा नाही. बाहेरच्या कंपन्यांची ॲप टाकायची सोयही नाही. कागदावर दोन्ही फोन शेजारी ठेवले, तर कुणीही नोकियाच्या बाजूनं कौल दिला असता.

आणि बाल्मर चुकला हे लगेच कळलंही नाही. आयफोन २९ जून २००७ ला अमेरिकेत विक्रीला आला. दोनच महिन्यांत ॲपलला किंमत २०० डॉलरनं उतरवावी लागली. २००८ च्या पहिल्या सहा महिन्यांत किती आयफोन विकले गेले? सुमारे २४ लाख. लक्ष्य वर्षाचं एक कोटीचं! त्या जूनमध्ये कुणी म्हणालं असतं की जॉब्सचा हिशेब फसला, तर त्याला खोडून काढणं अवघड होतं.

मग जुलै आला. एका पाठोपाठ दोन गोष्टी झाल्या. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडलं, सुमारे ५०० ॲप घेऊन. ११ जुलैला आयफोन थ्रीजी आला, अमेरिकेत करारासह १९९ डॉलरला. पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत दहा लाख फोन विकले गेले आणि एक कोटी ॲप डाउनलोड झाली. जुलै ते सप्टेंबर या एका तिमाहीत जवळजवळ ६९ लाख आयफोन खपले. त्या तिमाहीत ब्लॅकबेरीसुद्धा मागे पडला. ऑक्टोबरमध्येच ॲपलनं एक कोटीचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं.

मधल्या काळात बदललं काय? किंमत उतरली, थ्रीजी आलं, हे खरंच. पण त्याहून मोठं म्हणजे फोन ही एक वस्तू न राहता बाजारपेठ झाली. तुम्ही फोन घेतलात की त्यावर ॲप बनवणाऱ्याला एक गिऱ्हाईक वाढलं. गिऱ्हाइकं वाढली की ॲप वाढली. ॲप वाढली की पुढचा माणूस तोच फोन घेणार. आठवड्याच्या बाजारासारखं आहे हे. भाजीवाले तिथेच बसतात जिथे गर्दी असते, आणि गर्दी तिथेच होते जिथे भाजीवाले बसतात. प्लॅटफॉर्म प्लॅटफॉर्म म्हणतात ते हेच. बाल्मरनं फोनला फोनशेजारी ठेवून पाहिलं. बाजार भरणार कुठे, हे पाहायचं राहिलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे बाल्मरचा किमतीचा मुद्दा चांगलाच खरा ठरला. आयफोन थ्रीजी भारतात २२ ऑगस्ट २००८ ला आला, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. आठ जीबीचा फोन ३१,००० रुपयांना! अमेरिकेत तोच १९९ डॉलरला, कारण बाकीचे पैसे मोबाईल कंपनी दोन वर्षांच्या बिलातून वसूल करत होती. आपण प्रीपेडवाली माणसं. रिचार्ज संपलं की मिस्ड कॉल द्यायचा. आपल्याला कोण उधारीवर फोन देणार? म्हणजे एकाच फोनचं भाकीत एका देशात चुकतं आणि दुसऱ्यात बरोबर येतं. भारतातली गर्दी कुठल्या बाजारात जाणार, हे अजून ठरायचं होतं.

आता येऊ २०११ वर. तोवर गुगलचं अँड्रॉइड जोरात होतं, तरी नोकियाचं सिंबियन अजून पहिल्या क्रमांकावर होतं. गार्टनर या संस्थेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सिंबियन ३७.६ टक्के, अँड्रॉइड २२.७, ब्लॅकबेरी १६, आयफोन १५.७ आणि मायक्रोसॉफ्ट जेमतेम ४.२ टक्के.

११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाचा प्रमुख स्टीफन इलॉप यानं घोषणा केली की सिंबियन हळूहळू बंद होणार आणि नोकियाचे स्मार्टफोन यापुढे विंडोज फोनवर चालणार. त्यानंतर दोनच महिन्यांत भाकितं आली. आयडीसी या संस्थेनं सांगितलं की २०१५ पर्यंत मायक्रोसॉफ्टचा हिस्सा २०.९ टक्के होईल. गार्टनरनं सांगितलं १९.५ टक्के. दोघांच्याही मते विंडोज फोन आयफोनला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर येणार होता.

हा आकडा हवेतून आला नव्हता. नोकिया तेव्हा वर्षाला सुमारे दहा कोटी स्मार्टफोन विकत होती. मुंबईपासून नैरोबीपर्यंत दुकानं, दुरुस्तीची केंद्रं, नावावरचा विश्वास. आपल्याकडे तर फोन म्हणजे नोकिया. मग नोकिया विंडोजवर गेली तर तिची निदान निम्मी गिऱ्हाइकं तरी मागोमाग जातील, असं कुणालाही वाटेल.

पण गिऱ्हाईक म्हणजे वाण्याची उधारीची वही नाही. दुकान विकलं की वही नव्या मालकाकडे जाते. गिऱ्हाईक जात नाही. ते रस्त्यात थांबून विचार करतं, आता समोरच्या दुकानात बघू का?

आणि त्यांना थांबायला वेळ भरपूर मिळाला. घोषणा फेब्रुवारीत झाली, पहिले लुमिया फोन आले वर्षाच्या शेवटी. मधले आठ-नऊ महिने दुकानदारानं सिंबियनचा फोन कुठल्या तोंडानं विकायचा? कंपनीच म्हणतेय की हा जाणार आहे! २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले गेले होते. २०११ च्या एप्रिल ते जून तिमाहीत ते १ कोटी ६७ लाखांवर आले.

इकडे अँड्रॉइडची गाडी स्वस्त फोनवरून धावत होती. अँड्रॉइड वापरायला गुगल लायसन्सचे पैसे मागत नव्हतं. मीडियाटेकसारख्या कंपन्या चिपसोबत जवळजवळ तयार आराखडाच देत होत्या. त्यामुळे मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा अशा कंपन्यांना कमी पैशांत फोन काढता आले. मायक्रोसॉफ्ट मात्र लायसन्सचे पैसे घेत होती. छोट्या स्क्रीनसाठी ते पैसे तिनं माफ केले एप्रिल २०१४ मध्ये. तोवर बाजार दुसरीकडे भरला होता.

ॲपचंही तेच. इन्स्टाग्राम आयफोनवर आलं २०१० मध्ये, अँड्रॉइडवर एप्रिल २०१२ मध्ये आणि विंडोज फोनवर नोव्हेंबर २०१३ मध्ये. त्यात भर म्हणजे ज्यांनी विश्वास टाकून पहिले लुमिया घेतले, त्यांना जून २०१२ मध्ये कळलं की विंडोज फोन ८ त्यांच्या हँडसेटवर चालणारच नाही. फोनला धड वर्षही झालं नव्हतं.

मग २०१५ उजाडलं. गार्टनरचेच आकडे, त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे: अँड्रॉइड ८०.७ टक्के, आयफोन १७.७, विंडोज १.१, ब्लॅकबेरी ०.२.

आता एक गोष्ट बघा, मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. गार्टनरनं २०११ मध्ये आयफोनला किती टक्के दिले होते? १७.२. ही तिमाही आयफोनला दरवर्षीच बरी जाते हे मान्य, तरी अंदाज जवळजवळ अचूक! मग चुकलं काय? त्यांनी अँड्रॉइडला दिले होते ४८.८, विंडोजला १९.५ आणि ब्लॅकबेरीला ११.१. करा बेरीज. ७९.४. म्हणजे विंडोज आणि ब्लॅकबेरीच्या नावावर मांडलेला सगळा वाटा अँड्रॉइडच्या ताटात गेला. भाकीत करणाऱ्यांनी चार बाजार धरले होते. गर्दी दोनच बाजारांत मावली. फोन किती विकले जातील हे मोजता येतं. पण माणसं एकमेकांकडे बघून फोन घेतात, त्यामुळे तिसरा आणि चौथा बाजार हळूहळू लहान होत नाही, तो एकदम ओस पडतो.

याची किंमत मोजली कुणी? मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोन व्यवसाय घेताना जाहीर झालेली किंमत सुमारे ७२० कोटी डॉलर होती. जुलै २०१५ मध्ये तिनं ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरला नोकियाचा मोठा कारखाना होता. करांच्या वादामुळे तो मायक्रोसॉफ्टकडे जाऊ शकला नाही, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन थांबलं. हजारो कामगार होते तिथे, त्यात तरुण मुली खूप. त्यांना कुठल्या प्लॅटफॉर्मला किती टक्के, याच्याशी काय देणंघेणं? तरी फटका त्यांनाच बसला.

आणि आपण? आपल्यासमोर दोनच दुकानं उरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. कारण अँड्रॉइडच्या बळावर आपली ॲप फोनमध्ये आधीच बसवायला लावणं वगैरे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. २०११ च्या भाकितातला तो तिसरा बाजार खरोखर भरला असता, तर कदाचित आयोगाला एवढं लक्ष घालावं लागलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सांगितलं की अमुक नवा फोन पाच वर्षांत वीस टक्के बाजार घेणार, तर त्याला कॅमेरा आणि बॅटरी विचारण्याआधी एवढंच विचारा: यावर ॲप कोण बनवणार, आणि माझ्या ओळखीचं कोण हा वापरणार? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर टक्केवारी कितीही दशांश चिन्हासकट दिली तरी ती गोष्टच समजा.

तुमच्या घरात कपाटात एखादा जुना लुमिया किंवा ब्लॅकबेरी पडून असेल, तर चार्जिंगला लावून बघा आणि तो कुणी, का घेतला होता ते घरातल्यांना विचारा. आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!