होमस्टेडच्या ऱ्हासाचा आरंभ
अमेरिकेंत पिट्सबर्गजवळ मोनोंगहेला नदीच्या कांठीं होमस्टेड नांवाचें गांव आहे. तेथील पोलादाचा कारखाना १९८६ सालीं बंद पडला व त्यामुळें गांव ओस पडलें, असें सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस हें मत अपुरें वाटतें. युद्धसामग्रीकरितां १९४१ सालीं कारखाना वाढविला, तेव्हां नदीकांठची सखल वस्ती पाडून सुमारें ८,००० रहिवासी उठविले. १९४० च्या खानेसुमारींतील १९,०४१ माणसें १९५० सालीं १०,०४६ वर आलीं. म्हणजे गांव मोडलें तें कारखान्याच्या ऐन भरभराटींत! आतां त्या जागीं बाजार असून बारा धुरांडीं तेवढीं उभीं आहेत. १८९२ च्या टाळेबंदींत कामगारसंघाचें ठाणें असलेल्या बॉस्ट इमारतींत मात्र त्या धंद्याचे कागद व छायाचित्रें जपलीं आहेत.